कान आणि काटा

भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर पडून उत्तनच्या रस्त्याला लागलं, की थोड्या वेळानं मुर्धा गाव येतं. पुढे राई, मोर्वा. एकेकाळी भाईंदर म्हटलं की लोकांना मीठ आठवायचं. खाडीकाठच्या मिठागरांत पांढऱ्या राशी लागायच्या आणि उन्हाळ्यात मीठ भरायला ट्रकांची रांग उभी राहायची. त्या रांगेतला एक ट्रक आजही मुर्ध्यात एका घराच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. त्याला चावी लावली तर तो चालूही होतो. या ट्रकात अलीकडेच आम्ही एक छोटासा काटा बसवला. त्याची ही गोष्ट आहे.

आता तुम्ही म्हणाल, कवीचं ट्रकशी काय काम? माझ्या अब्बांचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. डायनामो, सेल्फ, बॅटऱ्या, वायरिंग. बी.ए. होईपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी त्या दुकानात गेली. शब्द जुळवायला नंतर शिकलो. वायर जोडायला आधी शिकलो. ज्यांच्या ट्रकबद्दल बोलतो आहे त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो. ते अब्बांचे जुने गिऱ्हाईक. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मी कितीही कविता वाचल्या तरी त्यांच्या लेखी मी अजून मिस्त्रीचा मुलगाच आहे.

ट्रक नाकवाला आहे, म्हणजे बॉनेट पुढं आलेला. बॉनेटवर तीन टोकांचा तारा आहे. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली. १९५४ साली तिनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली तो करार संपला. ताऱ्याची जागा टाटांच्या स्वतःच्या चिन्हानं घेतली. म्हणून जाणकार बॉनेटवरचा तारा पाहूनच गाडीचं वय सांगतात. हमरस्त्यावरचे जुने ड्रायव्हर तर पुढंही बरीच वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले.

या गाडीच्या डॅशबोर्डवर मोजकीच घड्याळं आहेत. वेग दाखवणारं एक, तेलाच्या दाबाचं एक, पाण्याच्या तापमानाचं एक आणि बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे ते सांगणारा ॲमीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, हे सांगणारा काटा नाही. त्याला इंग्रजीत टॅकोमीटर म्हणतात, आपले मेकॅनिक ‘आरपीएम मीटर’ म्हणतात. तात्यांना चाळीस वर्षं त्याची गरज भासली नाही. ती आत्ताच का भासली, ते सांगतो.

तात्यांचा नातू इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला आहे. आजोबांचा ट्रक भंगारात जाऊ द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं. आता हा ट्रक अधूनमधून सिनेमावाले शूटिंगसाठी भाड्यानं नेतात. ट्रेलरवर चढवतात आणि शूटिंगच्या मोकळ्या जागेत चालवतात. मागच्या खेपेला त्यांना ट्रक डोंगरउतारावरून खाली येताना हवा होता. स्टिअरिंगवर नातू आणि शेजारी तात्या. उतार संपल्यावर तात्या खाली उतरले आणि काही न बोलता बाजूला जाऊन बसले. घरी आल्यावर मला म्हणाले, “मना काय ऐकूच येत नाय रे. पोरानं गेर बरोबर टाकला का चुकीचा, कलला नाय.”

तात्यांचे कान गेले आहेत. श्रवणयंत्र आहे, पण ते माणसांचं बोलणं मोठं करण्यासाठी असतं. इंजिनाच्या गदारोळात त्याचा उपयोग होण्याऐवजी त्रासच होतो, म्हणून ट्रकमध्ये बसताना ते यंत्र काढून खिशात ठेवतात. ज्या कानांनी चाळीस वर्षं इंजिन सांभाळलं ते कान बहुधा इंजिनानंच खाल्ले. आणि नातवाचे कान चांगले असले तरी त्यांना या इंजिनाची भाषा येत नाही.

ही भाषा म्हणजे काय, ते थोडं समजून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा डिझेल पेटतं. सहा सिलिंडर असले तर एका फेऱ्यात तीन ठोके पडतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण सहाशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला दहा. त्याचे ठोके झाले सेकंदाला तीस. ते आपल्याला धडधड म्हणून जवळजवळ सुटे ऐकू येतात. ॲक्सिलरेटर दाबत नेला की ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. आमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल मर्यादा २८०० फेऱ्यांची दिली आहे. त्या वेळी सेकंदाला १४० ठोके पडतात. हार्मोनियम वाजवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मंद्र सप्तकातली काळी एक सेकंदाला साधारण १३९ कंपनांची असते. म्हणजे हे इंजिन आपल्या मर्यादेला पोचलं, की जवळजवळ काळी एकमध्ये गाऊ लागतं!

तात्या गावच्या भजनात पेटी वाजवत. हा हिशेब मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. सूर त्यांना माहीत होताच, आकडा कळला इतकंच. जुन्या ड्रायव्हरांचं गिअर बदलणं असंच सुरावर चाले. आवाज अमुक उंचीला गेला की वरचा गिअर, घोगरा होऊन गाडी थरथरू लागली की खालचा. मनातल्या मनात कोणी सूर लावत नसे. पण कान मोजत असे.

मग मोजण्यात चूक झाली तर काय होतं? त्याचा एक प्रसंग तात्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १९८० च्या आसपासची गोष्ट. मीठ घेऊन नाशिकला जायचं आणि येताना कांदा भरायचा, असा त्यांचा फेरा असे. कसारा घाट उतरताना तात्या जरा लवंडले होते आणि गाडी जोडीदाराच्या हातात होती. तो नवखा होता. भरलेली गाडी वेगात आली, ब्रेक तापले. घाबरून त्यानं एकदम खालचा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं. त्या आवाजानं तात्या झोपेतून उठले, पण तोवर उशीर झाला होता. दोन पुशरॉड वाकले. कशीबशी गाडी कडेला लावली आणि रात्रभर कांद्यावर बसून दोघांनी घाट राखला.

इथं एक प्रश्न कुणालाही पडेल. डिझेल इंजिनाला तर गव्हर्नर असतो. इंजिन मर्यादेबाहेर पळू लागलं की तो डिझेल कमी करतो. मग हे घडलंच कसं? उत्तर असं की, गव्हर्नरच्या हातात फक्त डिझेल असतं. उतारावर इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. डिझेल पूर्ण बंद झालं तरी दहा-बारा टनांचं वजन गिअरबॉक्समधून इंजिनाला गरगर फिरवत राहतं. फेरे फार वाढले की व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगांना वेळ पुरत नाही. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची गाठ पडते, आणि मग पुशरॉड वाकतात नाहीतर व्हॉल्व्ह तुटतात. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावं आणि तो गिअर उताराच्या आधी टाकावा, हा ड्रायव्हरांचा जुना नियम यातूनच आला आहे. म्हणून फेऱ्यांचा काटा ही जुन्या ट्रकमध्ये शोभेची वस्तू ठरत नाही. चढावर तो डिझेल वाचवतो आणि उतारावर इंजिन.

हे यंत्र तसं जुनं आहे. जर्मनीच्या डीडरिश उलहोर्ननं १८१७ साली पहिलं टॅकोमीटर बनवलं असं मानतात. नाणी पाडण्याच्या यंत्रासाठीही त्याचं नाव घेतात. त्याच्या मीटरमागचं तत्त्व साधं होतं. फिरणारी वस्तू जितक्या जोरात फिरेल तितकी बाहेर फेकली जाते, आणि त्या फेकण्यावरून वेग मोजायचा. जेम्स वॅटनं वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा गव्हर्नर लावला होता, त्याचंही तत्त्व तेच. पुढे १९०२ साली स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झनं वेगळी युक्ती काढली. एक चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती, त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला अडवते. या ओढाताणीत वाटी जितकी वळते तितका काटा सरकतो. आपल्या जुन्या स्कूटरचा आणि ट्रकचा केबलवाला स्पीडोमीटर याच युक्तीवर चाले. आता बाजारात मिळतात ते मीटर विजेचे ठोके मोजतात. सेकंदाला ठोके किती आले ते मोजायचं आणि त्यावरून फेरे काढायचे, एवढंच त्यांचं काम.

हे ठोके आणायचे कुठून, हाच जुन्या ट्रकचा खरा प्रश्न असतो. नातवानं हौसेनं एक चकचकीत मीटर मागवून ठेवलं होतं. मागं लहानसा खटका, त्यावर चार, सहा, आठ सिलिंडर असं लिहिलेलं. पाहताक्षणी मी म्हटलं, बाळा, हे पेट्रोल गाडीचं. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, ती कॉइलमधून येते आणि मीटर कॉइलकडून ठोके घेतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथं दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटतं. म्हणजे ज्या दारात हे मीटर भिक्षा मागणार ते दारच या घराला नाही. बिचारा हिरमुसला. पुष्कळांची ही चूक होते, म्हणून मुद्दाम सांगतो. डिझेल गाडीसाठी घ्यायचं मीटर डिझेलचंच असावं, एका फेऱ्याला किती ठोके ते त्यात बदलता यावं, आणि आपली बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची हे पाहूनच ते घ्यावं.

डिझेल गाडीत ठोके मिळण्याच्या दोन भरवशाच्या जागा असतात. पहिली फ्लायव्हील. त्याच्या कडेला दाते असतात, सेल्फ मारल्यावर स्टार्टर त्यांनाच पकडतो. फ्लायव्हीलच्या आवरणाला भोक पाडून त्यात चुंबकी सेन्सर बसवला, की त्याच्यासमोरून दात गेला की एक ठोका येतो. समजा १२० दाते आहेत; इंजिन हजार फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला दोन हजार ठोके येणार. ही पद्धत सर्वांत अचूक. पण साठ वर्षांच्या बिडाच्या आवरणाला भोक पाडायला माझा हात धजेना.

दुसरी जागा म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर. त्यात आधी उलटसुलट वाहणारी वीज तयार होते आणि मग डायोडमधून ती एकाच दिशेची केली जाते. डायोडच्या आधी एका वेटोळ्यावरून वायर बाहेर काढली की त्या उलटसुलट विजेचे ठोके मिळतात. नव्या अल्टरनेटरवर त्यासाठी ‘डब्ल्यू’ अक्षराचं टोक तयारच असतं. मात्र त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर नसे, डायनामो असे. डायनामोत हे काम कॉम्युटेटर आणि कार्बन ब्रश करतात, तिथं असं टोक मिळत नाही.

आमचं नशीब चांगलं होतं. या गाडीचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला होता. कधीतरी अब्बांनीच तो बसवला होता. त्याला डब्ल्यूचं टोक मात्र नव्हतं. म्हणून बॅटरीची वायर सोडवून अल्टरनेटर खाली काढला आणि मागचं झाकण उघडलं. आत वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या, वर वॉर्निशचा हात. अब्बा असंच बांधायचे, प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांना आवडत नसत. तो दोरा मी कापला नाही. बाजूनं जागा काढून एका वेटोळ्याच्या टोकाला वायर डागली, रबराच्या नळीत घातली आणि बाहेर आणली.

आता हिशेब. अल्टरनेटरमध्ये सहसा चुंबकाचे बारा ध्रुव असतात, म्हणजे सहा जोड्या. त्याच्या एका फेऱ्याला सहा ठोके. पण तो इंजिनापेक्षा जास्त वेगानं फिरतो, कारण त्याची पुली लहान असते. किती वेगानं, ते पाहायला इंजिन बंद ठेवून दोन्ही पुल्यांवर खडूची खूण करायची, इंजिन हातानं फिरवायचं आणि मोजायचं. आमच्याकडे इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे सव्वादोन फेरे भरले. सव्वादोन गुणिले सहा, साडेतेरा ठोके. तो आकडा मीटरमध्ये भरला.

मग बसवण्याची जागा. नातवाचा आग्रह होता, की डॅशबोर्डला गोल भोक पाडून मीटर आत बसवावं, म्हणजे कंपनीचंच वाटेल. मी नको म्हटलं. जुन्या गाडीला नवी वस्तू लावताना, उद्या ती काढली तर मागं खूण राहू नये, असं पाहावं. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आधीपासूनच दोन स्क्रू होते. त्यांतच एक लोखंडी पट्टी अडकवली आणि तिच्यावर मीटर बसवलं. बसवताना तबकडी थोडी फिरवली, जेणेकरून मर्यादेचा आकडा अगदी वर, घड्याळात बाराच्या जागी येईल. शर्यतीच्या गाड्यांत असं करतात. ड्रायव्हरला आकडा वाचावा लागत नाही, काटा उभा झाला की समजायचं, पुरे.

वायरिंग चार वायरींचं. एक चावीतून येणारी वीज, तिच्यात छोटा फ्यूज हवाच. एक रात्रीच्या दिव्याची, एक अल्टरनेटरकडून आलेली ठोक्यांची आणि चौथी अर्थची, जी गाडीच्या लोखंडाला जोडतात. ठोक्यांची वायर गरम सायलेन्सरपासून आणि फिरत्या पंख्यापासून दूर न्यायची. पत्र्यातून जिथं जाईल तिथं रबराचा गोल घालायचा, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा ती वायर कापतो.

सगळं जोडलं, गाडी चालू केली, आणि काटा वेड्यासारखा नाचू लागला. कधी पाचशे, कधी दोन हजार. नातू म्हणाला, “काका, मीटर खराब आलं.” मीटर चांगलं होतं. खराब होता तो अर्थ. मिठाच्या गाडीचं हे दुखणं अब्बांच्या दुकानात मी शेकडो वेळा पाहिलेलं. ओलं मीठ पाणी गाळतं, ते खारं पाणी फटीफटीत शिरतं आणि लोखंडाला आतून गंज चढतो. वरून रंग लावलेला असतो, पण बोल्टखाली गंजाचा पापुद्रा. त्यातून वीज नीट जात नाही. मी अर्थची वायर काढली, जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासली, वायर घट्ट आवळून वर ग्रीस लावलं. केबिनपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत आणखी एक जाड वायर टाकली. काटा शहाण्या मुलासारखा एका जागी उभा राहिला.

पण तो एका जागी उभा आहे म्हणजे खरं बोलतो आहे असं नाही. पुली मोजण्यात चूक असेल, पट्टा घसरत असेल, ध्रुव बारा नसतील. तपासणीसाठी हातात धरायची यंत्रं मिळतात. आमच्याकडे ते नव्हतं. तेव्हा अब्बांची एक युक्ती वापरली. तुम्ही घरी करू शकाल म्हणून नव्हे, तर मोजणं म्हणजे काय हे तिच्यातून समजतं म्हणून सांगतो.

चोकवाली जुनी ट्यूबलाइट सतत जळते असं वाटतं, पण तिचा उजेड सेकंदाला शंभर वेळा वरखाली होतो, कारण आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला पन्नास आहेत. काही ग्रामोफोनांच्या फिरत्या तबकडीवर रेघांचं कडं असायचं, ते आठवतं का? दिव्याखाली त्या रेघा स्थिर दिसल्या की तबकडीचा वेग बरोबर, असं समजायचे. तेच इथं करायचं. संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिनासमोर चोकवाली ट्यूब लावली. आजकालच्या इलेक्ट्रॉनिक चोकवर हे जमत नाही. क्रँकच्या पुलीवर, इंजिन बंद असतानाच, पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि इंजिन चालू केलं.

इंजिन हजार फेऱ्यांवर असेल तर पुलीच्या एका फेऱ्यात सहा वेळा उजेड वाढतो, म्हणून एका रेघेच्या जागी सहा रेघा स्थिर उभ्या दिसतात. दीड हजारावर चार दिसतात, दोन हजारावर तीन. नातू ॲक्सिलरेटरवर, मी पुलीसमोर, लांब उभा. एक गोष्ट इथं नीट लक्षात ठेवायला हवी: थांबलेली दिसणारी पुली थांबलेली नसते. कारखान्यांत लेथवर याच भ्रमानं हात जाऊ नयेत म्हणून दिवे वेगवेगळ्या फेजवर लावण्याची पद्धत होती. म्हणून गळ्यात रुमाल नको, सैल बाही नको आणि बोट दाखवायलाही पुढं जायचं नाही.

सहा रेघा दिसल्या, काटा हजाराच्या किंचित खाली. चार दिसल्या, काटा दीड हजाराच्या किंचित खाली. म्हणजे पट्टा थोडा घसरत होता. पट्टा ताणला, आकडा जरासा सुधारला, जुळलं. मग पाच रेघा दिसल्या आणि मी अडकलो. पाच रेघा १२०० फेऱ्यांवर दिसतात आणि २४०० फेऱ्यांवरही दिसतात. नातवाला काटा वाचू नकोस म्हणून बजावलं होतं, कारण काट्याचीच परीक्षा चालली होती. इंजिनाजवळ इतका वेळ उभं राहून माझेही कान बधिर झाले होते.

तात्या बाजूला खुर्चीत बसले होते. ते उठले, मडगार्डवर तळहात ठेवला, क्षणभर थांबले आणि नातवाकडं पाहून ओरडले, “दुप्पट हाय. कमी कर.”

नातवानं काट्याकडं पाहिलं. काटा चोवीसशेवर होता.

त्यानंतर आम्ही तबकडीच्या काचेवर दोन पट्ट्या चिकटवल्या. मधल्या फेऱ्यांवर हिरवी, जिथं या इंजिनाची ओढ चांगली असते आणि डिझेल कमी लागतं. सव्वीसशेपासून पुढं लाल. नातवाला सांगितलं, की चढावर आणि सपाटीवर काटा हिरव्यात ठेव. उतार दिसला की उताराच्या आधीच गिअर ठरव, आणि काटा लालकडं सरकू लागला तर ॲक्सिलरेटर सोडून भागणार नाही, ब्रेक लावून वेग कमी करायचा. खालचा गिअर टाकायचा तो वेग कमी झाल्यावर. कारण काटा फक्त सांगतो, थांबवत नाही. आणखी एक सांगितलं. हा काटा अल्टरनेटरचं ऐकतो, इंजिनाचं नाही. पट्टा तुटला तर काटा शून्यावर येईल आणि इंजिन तरीही पळत असेल. तेव्हा काट्यावर डोळा ठेव, पण कानात बोळे घालून बसू नकोस.

मधल्या काळात मी मनाशी म्हणत होतो, की आपण तात्यांच्या कानांच्या जागी एक यंत्र बसवतो आहोत. तसं झालं नाही. काट्याला खरं बोलायला लावायलाच शेवटी तात्यांचा तळहात लागला. माणसाला आधी जे अंगानं कळत असतं ते यंत्र आकड्यांत मांडतं, आणि त्यामुळे ते दुसऱ्याला शिकवता येतं. तात्यांचा सूर नातवाला ऐकू जात नव्हता, पण चोवीसशे हा आकडा दोघांनाही वाचता येतो. आजोबा आणि नातू यांच्यात आता बोलायला एक भाषा आहे, आणि तशी भाषा नसली की जुनं ज्ञान माणसाबरोबरच जातं. आपल्या घराघरांत अशी किती तरी माणसं आहेत, सुताराचा हात, सुईणीची बोटं, आगरात मीठ धरलं की नाही हे पाण्याकडं पाहून सांगणारे डोळे. त्यांना काटा बसवता येईल का माहीत नाही. पण ती आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून काटा जुळवून घ्यायला काय हरकत आहे?

काटा जुळल्यावर दुसऱ्या दिवशी नातवानं ट्रक अंगणातल्या अंगणात पुढं-मागं केला. तात्या शेजारच्या सीटवर होते. श्रवणयंत्र खिशात, एक हात डॅशबोर्डवर, नजर त्या छोट्या तबकडीवर. मी खालून विचारलं, “तात्या, बरोबर दाखवतो का?” त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी हातानं खूण केली.

त्यांनी डॅशबोर्डवरचा हात न उचलता मान हलवली.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)